पोट स्वतःलाच का पचवत नाही?

रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या मिरजोळ्यात रविवारी एखाद्या घरी वजडीचा बेत असतो. वजडी म्हणजे बोकडाचं जठर आणि आतडी. भरपूर आलं-लसूण घाला, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढा, ती दाताला सहजी दाद देत नाही. जेवणाऱ्याच्या पोटात गेली की मात्र काही तासांत तिचा मागमूस उरत नाही. एका जठराने दुसरं जठर पचवलेलं असतं. आता जरा थांबून विचार करा. ज्या आम्लात बोकडाचं जठर विरघळलं, त्याच आम्लात जेवणाऱ्याचं स्वतःचं जठर जन्मापासून भिजत पडलंय. दोन्हींची घडण जवळजवळ एकच. मग एक विरघळतं आणि दुसरं शाबूत राहतं, हे कसं काय?

लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाला हा प्रश्न छळत होता. धडधाकट असताना अचानक मेलेल्या माणसांची शरीरं उघडली की काही वेळा जठराला भोक पडलेलं दिसे आणि अन्न पोकळीत सांडलेलं असे. आधी आजाराची काहीच तक्रार नसे. १७७२ साली हंटरने याचा उलगडा मांडला: हे भोक मेल्यानंतर पडलेलं आहे. जीव जाताच जठराने स्वतःला पचवायला घेतलं. म्हणजे जिवंतपणी असं काहीतरी सतत चालू असतं, जे जठराला त्याच्याच रसापासून वाचवतं. ते काय, हे नीट कळायला पुढे दोनेकशे वर्षं गेली. आणि गोळ्या घेऊन घेऊन कंटाळलेल्या माणसाचा अल्सर बरा का होत नाही, याचा धागाही तिथेच सापडतो.

आधी हल्ला किती जोराचा असतो ते पाहू. जठराच्या भिंतीत काही पेशींचं एकच काम असतं, हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करणं. संडासाची फरशी घासायला दुकानातून आणतो ते ॲसिड याच जातीचं, फक्त जास्त तीव्र. या पेशींच्या अंगात अतिसूक्ष्म पंप बसवलेले असतात. ते पोटॅशियमचा एक कण आत ओढतात आणि आम्लाचा एक कण बाहेर ढकलतात. रक्तात आम्लाचे जेवढे कण असतात, त्याच्या दहा लाखपटींहून जास्त दाट आम्ल हे पंप पलीकडे साठवतात. सबंध शरीरात इतक्या चढावर काहीही चढवणारं दुसरं यंत्र सापडणं कठीण. असा दीड-दोन लिटर जठररस रोज तयार होतो.

आता बचाव. जठराच्या आतल्या अंगाला बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, एक मिलिमीटरही जाडीचा नसलेला. खालच्या पेशी त्या थरात सतत बायकार्बोनेट सोडत राहतात, म्हणजे खाण्याच्या सोड्यात असतो तोच क्षार. थराच्या वरच्या बाजूला कडक आम्ल आणि खालच्या बाजूला, पेशीला लागून, जवळजवळ साधं पाणी, असा फरक या एवढ्याशा जाडीत टिकवला जातो. तरीही पेशी झिजतातच. म्हणून जठर आपलं वरचं अस्तर तीन-पाच दिवसांत नवं करतं. एखादा बारीक ओरखडा पडला तर नव्या पेशी तयार व्हायची वाटही बघत नाही. शेजारच्या पेशी पसरट होतात, सरपटत पुढे येतात आणि काही मिनिटांत ती उघडी जागा झाकून टाकतात. हंटरच्या मृतदेहांत नेमकं हेच थांबलेलं होतं: रक्त नाही, श्लेष्मा नाही, डागडुजी नाही, आणि आम्ल मात्र तसंच.

आता आपल्या विषयाकडे येतो. अल्सर म्हणजे अस्तर फाडून त्याखालच्या स्नायूच्या पातळ पापुद्र्यापलीकडे गेलेली जखम. ती जठरात होते, तशीच जठरातून बाहेर पडल्यावर लागणाऱ्या आतड्याच्या पहिल्या भागातही होते. आम्ल दाबणाऱ्या आजच्या औषधांनी आतड्यातला अल्सर बहुधा चार आठवड्यांत आणि जठरातला आठ आठवड्यांत भरतो. पूर्ण मात्रेत औषध घेऊनही आतड्यातला आठ आठवड्यांत किंवा जठरातला बारा आठवड्यांत भरला नाही, तर डॉक्टर त्याला चिवट अल्सर म्हणतात. मला हे विशेषण थोडं अन्यायाचं वाटतं. स्वतःचं अस्तर आठवड्याच्या आत नवं करणारा अवयव एक जखम तीन महिने उघडी ठेवत असेल, तर जखम चिवट नसते. तिला रोज कुणीतरी पुन्हा उघडत असतं. ते कोण, हे शोधायचं असतं.

समजा, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणारे एक गृहस्थ आहेत. कारखाना एका अंगाला आणि भाताचं शेत दुसऱ्या अंगाला, असं दोन्हीकडचं आयुष्य इथल्या कितीतरी जणांचं असतं. या गृहस्थांना रात्री एक-दोनच्या सुमाराला बेंबीच्या वर दुखून जाग येते. उठून दोन बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं. 'पित्त झालंय' असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. आमसुलाचं पाणी झालं, मेडिकलमधून गॅसची गोळी झाली, मग डॉक्टरांनी दुर्बीण घालून अल्सर दाखवला, कोर्स झाला. चार महिन्यांनी पुन्हा तेच. खाल्ल्यावर थांबणारं आणि अन्न पुढे गेलं की उठणारं हे दुखणं आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या 'माधवनिदान' या ग्रंथात अन्न पचण्याच्या वेळी उठणाऱ्या शूळाचं, म्हणजे परिणामशूळाचं, वेगळं वर्णन आहे.

या गृहस्थांचा पहिला संशयित शोधायला पर्थला जावं लागतं.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला असलेल्या पर्थच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन हे जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. १९७९ साली त्यांना अस्तरावर वाकडे-वाकडे जंतू दिसले. जठरात जंतू? आम्लात काही जगत नाही, हे तर शाळेतलं ज्ञान. शिवाय १९५४ साली पामर नावाच्या अमेरिकी डॉक्टराने हजाराहून जास्त जठरांचे तुकडे तपासून 'इथे जंतू नाहीत' असा निर्वाळा देऊन टाकला होता. पामरने नेहमीचा रंग वापरला होता, ज्यात हे जंतू ठळक दिसत नाहीत. वॉरन यांनी चांदीचा रंग दिला आणि ते काळेभोर होऊन उठून दिसले. १९८१ साली तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. मार्शल हे जंतू बशीत वाढवायला बघत होते आणि बशी दोन दिवसांनी रिकामी दिसली की फेकली जात होती. १९८२ च्या ईस्टरला सलग सुट्टी आली, बशा चार-पाच दिवस तशाच राहिल्या, आणि परत येऊन पाहिलं तर जंतूंच्या वसाहती उगवलेल्या. हा जंतू सावकाश वाढणारा निघाला. सुट्टी नसती तर कदाचित आणखी काही वर्षं गेली असती.

जगाने अर्थातच विश्वास ठेवला नाही. अल्सर म्हणजे धावपळ, काळजी आणि तिखट, असं त्या वेळी सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आपल्याकडचे डॉक्टर गमतीने 'हरी, वरी आणि करी' म्हणत. १९८४ साली मार्शल यांनी आधी दुर्बिणीने आपलं जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग जंतूंचं कालवण एका घोटात पिऊन टाकलं. बायकोला विचारलं नव्हतं. काही दिवसांत मळमळ, पहाटेच्या उलट्या आणि तोंडाला घाण वास. दहाव्या दिवशी दुर्बीण घातली तर जठराला चांगलीच सूज आणि जंतूंची गर्दी. अल्सर काही झाला नाही, पण निरोगी पोटात हा जंतू दुखणं लावतो हे सिद्ध झालं. २००५ साली या दोघांना नोबेल मिळालं.

त्याहून जास्त मला चटका लावते ती ग्रीसच्या जॉन लिकुडिस यांची गोष्ट. हे मिसोलोंघी गावचे साधे डॉक्टर. १९५८ पासून ते अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविकं देऊन बरं करत होते. हजारोंना बरं केलं. कुणी ऐकलं नाही, नियतकालिकांनी लेख परत पाठवला, १९६८ साली शिस्तभंगाबद्दल दंड झाला. १९८० साली ते गेले. पर्थच्या बशा उगवायला तेव्हा दोनच वर्षं उरली होती.

या जंतूचं आजचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो आम्लात जगतो कसा? त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर आहे आणि तेही प्रचंड प्रमाणात. जठरात रक्तातून थोडा युरिया झिरपत असतो. हा जंतू तो युरिया फोडून अमोनिया काढतो आणि अमोनिया भोवतालचं आम्ल मारतो. मुसळधार पावसात इरलं पांघरून लावणी करणाऱ्या बाईसारखा तो आम्लाच्या सरीत स्वतःपुरती कोरडी जागा घेऊन फिरतो. अमोनियामुळे भोवतालचा घट्ट श्लेष्मा पातळ होतो. मग शेपटांनी पोहत, मळसूत्री अंगाने वाट काढत तो थेट पेशीपाशी जाऊन बसतो, जिथे आम्ल पोहोचतच नाही. त्याच्या काही जातींकडे तर एक सुई असते. पेशीला चिकटून ती आपलं प्रथिन थेट पेशीच्या आत टोचते आणि पेशीचं वागणं बदलून टाकते.

दुर्बिणीच्या खोलीत हे युरिएज डोळ्यांनी बघता येतं. जठराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्याने काढून पिवळ्या जेलच्या थेंबात बुडवतात. जेलमध्ये युरिया आणि रंग बदलणारं द्रव्य असतं. तुकड्यात जंतू असले तर अमोनिया तयार होतो आणि पिवळा थेंब गुलाबी होत होत किरमिजी होतो, कधी कधी काही मिनिटांतच. रुग्ण अजून उठून बसलेला नसतो आणि निकाल समोर असतो.

या जंतूचं वय ऐकलं तर आपण कुठल्या जुन्या भाडेकरूशी भांडतोय ते लक्षात येईल. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा तो आपल्या पोटातच होता, किमान ५८ हजार वर्षांपूर्वी. माणसांच्या टोळ्या जशा पांगल्या तशा त्याच्या जाती पांगल्या, इतक्या की जंतूच्या जनुकांवरून माणसांच्या स्थलांतराचे नकाशे काढता येतात. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस गोठलेला सापडला. त्याला ओट्झी म्हणतात. २०१६ साली त्याच्या पोटातल्या जंतूचा जनुकसंच वाचला, तर तो आजच्या युरोपातल्या जंतूशी फारसा जुळेना. तो जुळला मध्य आणि दक्षिण आशियातल्या जातीशी, म्हणजे जी आज आपल्या भारतात आढळते तिच्याशी. आल्प्सच्या बर्फात मेलेल्या त्या माणसाच्या पोटात आपल्याकडच्या जंतूचा भाऊबंद होता!

आता आपल्या गृहस्थांचा कोर्स का फसला ते बघू. जंतू मारायला दोन प्रतिजैविकं आणि आम्ल दाबणारी एक गोळी, असं चौदा दिवस देतात. त्यातलं एक बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असतं. या जंतूच्या जनुकसंचात सुमारे १६ लाख ६७ हजार अक्षरं आहेत. त्यातलं एक, फक्त एक अक्षर ठरावीक जागी बदललं की क्लॅरिथ्रोमायसिन त्याला बाधत नाही. अशी अक्षरं चुकून बदलतातच. ती टिकतात मात्र आपल्यामुळे. घसा धरला की ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या, पोट बिघडलं की मेट्रोनिडाझोल, तेही दोन दिवसच, बरं वाटेपर्यंत. गोळी घशासाठी घेतलेली असते, पण ती पोटातल्या या भाडेकरूवरूनही जाते. मवाळ मरतात, चिवट उरतात. ॲझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच घराण्यातली असल्यामुळे एकाशी झुंजायला शिकलेला जंतू दुसऱ्यालाही पुरून उरतो. मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जंतू भारतात मोठ्या प्रमाणावर आहेत. म्हणून पहिला कोर्स फसल्यावर तोच पुन्हा लिहून घेण्यात अर्थ नसतो. औषधं बदलावी लागतात, बहुधा बिस्मथ धरून चार औषधांचा कोर्स घ्यावा लागतो. तो दिवसातून अनेकदा घ्यायचा, तोंड कडू करणारा आणि कंटाळवाणा असतो, आणि पूर्णच करावा लागतो.

दुसरी शक्यता, आम्ल दाबणारी गोळीच नीट लागू पडली नाही. ही गोळी, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे मंडळी, माझ्या मते औषधशास्त्रातल्या सगळ्यात चतुर चीजांपैकी आहे. गिळताना ती निष्क्रिय असते. आम्लात विरघळू नये म्हणून तिला वेष्टन असतं, त्यामुळे ती जठर ओलांडून आतड्यात जाते, रक्तात मिसळते आणि रक्तातून उलटी फिरून आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत येते. तिथल्या कडक आम्लात पोहोचल्यावरच तिचं रूप पालटतं आणि ती चालू असलेल्या पंपाला कायमची चिकटून बसते. ज्याला मारायचं त्याच्याच जोरावर ती जागी होते. पण यात एक अट आहे. पंप चालू असायला हवा. उपाशी पोटी बरेच पंप झोपलेले असतात आणि जेवण येताच ते उठतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, म्हणजे ती रक्तात पोहोचेल तेव्हा पंप जोरात चालू असतील. जेवल्यावर आठवण झाली म्हणून घेतली, किंवा मोठी वाटते म्हणून चावून, कुटून घेतली, तर तिचा बराचसा जीव वायाच जातो. शिवाय काहींच्या यकृतात ही औषधं भराभर मोडली जातात, त्यांना नेहमीची मात्रा कमी पडते. जपानने २०१४ साली मंजूर केलेलं व्होनोप्राझान पंपाच्या पोटॅशियमच्या जागीच जाऊन बसतं. त्याला जागं व्हायला आम्ल लागत नाही आणि जेवणाची वेळही सांभाळावी लागत नाही. अशी औषधं आता आपल्याकडेही येतात.

तिसरी शक्यता फसवी आहे. तपासणीत जंतू नाही म्हणून निकाल आला आणि जंतू होता. आम्ल दाबणारी गोळी चालू असताना जंतू दबतात आणि जठराच्या वरच्या भागात सरकतात. डॉक्टरने तुकडा खालच्या भागातून घेतला, तर पिवळा थेंब पिवळाच राहतो. म्हणून तपासणीआधी या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं किंवा बिस्मथ चार आठवडे बंद हवीत. अर्थात डॉक्टरांनी तसं सांगितलं तरच. अल्सरमधून रक्त येत असतानाही ही चाचणी चकवते. कोर्सनंतर जंतू गेला का, हे बघायला दुर्बीण लागत नाही. खुणेचा कार्बन असलेला युरिया पाण्यातून प्यायचा आणि अर्ध्या तासाने एका पिशवीत फुंकर मारायची. जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. पोटातला जंतू फुंकरीतून ओळखता येतो, हे मला अजूनही खरं वाटत नाही. शौचाच्या तपासणीतूनही तो कळतो.

पण कोकणात, आणि तसं म्हटलं तर सगळ्याच महाराष्ट्रात, मला सगळ्यात जास्त संशय येतो तो दुखण्याच्या गोळीचा. चिखलणी झाली, कंबर धरली. आंबे उतरवायचा मोसम आला, खांदा गेला. आजींचे गुडघे तर बारमाही. घराघरात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नाहीतर कुणीतरी दिलेली नाव नसलेली पुडी. १९७१ साली इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिनच्या घराण्यातली औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू बनू देत नाहीत. दुखणं आणि सूज या रेणूंमुळे येते, म्हणून गोळी लागू पडते. पण जठराचा श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा राखणारेही तेच रेणू. गुडघ्याला आराम देताना गोळी जठराचा पहारा उठवते. यासाठी व्हेन यांना १९८२ साली नोबेल वाटून मिळालं. 'पोटात जळजळ नको म्हणून मी इंजेक्शनच घेतो' असं बरेच जण मोठ्या हुशारीने सांगतात. पण औषध रक्तातून जाऊनच पहारा उठवतं, त्यामुळे इंजेक्शन घेतल्याने पोट सुटत नाही. हृदयासाठी रोज घ्यायची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनसुद्धा या यादीत आहे. ती मात्र आपल्या मनाने बंद करायची नसते, डॉक्टरांना विचारायचं असतं. आणि विडी-सिगारेटने अल्सर भरायला उशीर लागतो, हे तर जंतू सापडायच्या आधीपासून माहीत होतं.

मग जेवणाचं काय? इथे दोन शोध आपल्याच देशातले आहेत आणि दोन्ही आजीच्या सल्ल्याला धक्का देणारे. १९८४ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रोज तीन ग्रॅम लाल तिखट दिलं, दुसऱ्याला तिखट वर्ज्य. औषध दोघांनाही. दोन्ही गटांतले अल्सर सारखेच भरले. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण जखम त्याच्यामुळे उघडी राहत नाही. मग दोन वर्षांनी दिल्लीच्याच डॉक्टरांनी दुधाची परीक्षा घेतली. त्या काळी अल्सरवाल्याला नुसतं दुधावर ठेवायची पद्धत होती. निघालं काय, तर दुधावर राहिलेल्यांचे अल्सर साधं जेवण जेवणाऱ्यांपेक्षा कमी प्रमाणात भरले. दूध क्षणभर आम्ल मारतं खरं, पण त्यातलं प्रथिन आणि कॅल्शियम पोटाला आणखी आम्ल बनवायला लावतं. मालवणी मसाल्याची निर्दोष मुक्तता आणि दुधावर ठपका!

तिसरी गोष्ट भाताची. फ्रँक टोवी हे इंग्रज शल्यविशारद १९५० आणि ६० च्या दशकात म्हैसूरच्या मिशन हॉस्पिटलात काम करत. त्यांच्याकडे आतड्याच्या अल्सरची रीघ लागलेली असे, आणि पंजाबातल्या डॉक्टरांना तो क्वचित दिसे. त्यांनी देशभरची माहिती जमवून १९७९ साली मांडली: भात खाणाऱ्या दक्षिण आणि पूर्व भारतात हा आजार जास्त, कोंड्यासकट गहू खाणाऱ्या उत्तरेत कमी. पुढे जंतू सापडला, तेव्हा कोडं आणखी वाढलं, कारण जंतू उत्तरेत आणि दक्षिणेत दोन्हीकडे भरपूर. म्हणजे एकटा जंतू पुरेसा नव्हता. जंतू असलेल्या दहा जणांपैकी फार तर एखाद-दुसऱ्याला अल्सर होतो, हे आता जगभर दिसलंय. टोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग उंदरांवर प्रयोग केले. त्यांना जठराचं रक्षण करणारे स्निग्ध पदार्थ काही धान्यांत आणि कडधान्यांत सापडले. त्यात ठळक निघालं एक कडधान्य. कुठलं म्हणाल? कुळीथ. कोकणात ज्याची पिठी होते तेच. उंदरांवरच्या प्रयोगातून पिठीचं औषध होत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण भातावर पिठी ओतून घेणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाच्या ताटात या कोड्याच्या दोन्ही बाजू एकत्र येतात, याची मजा वाटल्याशिवाय राहत नाही.

जंतू गेला, दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, औषध वेळेवर झालं, तरी जखम तशीच. मग दुर्मीळ कारणांकडे वळावं लागतं. १९५५ साली अमेरिकेतल्या ओहायोत झॉलिंजर आणि एलिसन या दोन शल्यविशारदांनी असे दोन रुग्ण नोंदवले, ज्यांचे अल्सर शस्त्रक्रिया करूनही पुन्हापुन्हा येत होते. गुन्हेगार जठरात नव्हताच. स्वादुपिंडात एक बारीक गाठ होती आणि ती आम्ल तयार करायचा आदेश रात्रंदिवस सोडत होती. अनेक अल्सर, नेहमीपेक्षा खाली आतड्यात असलेले, आणि जोडीला सततचे जुलाब, ही तिची ओळख. आपल्या देशात क्षयही कधी कधी जठरात किंवा आतड्यात अल्सरचं रूप घेऊन बसतो.

आणि कॅन्सर. जठरातल्या अल्सरला डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालायला सांगतात, तेव्हा लोक 'पैसे काढायला' असं कुजबुजतात. त्यामागचं कारण ऐका. जठराच्या कॅन्सरचा अल्सरही आम्ल दाबणाऱ्या गोळ्यांनी काही काळ भरून येऊ शकतो. दुखणं थांबतं, माणूस निर्धास्त होतो. म्हणूनच जठरातल्या अल्सरच्या कडेचे तुकडे काढून तपासतात आणि आठ-बारा आठवड्यांनी पुन्हा बघतात. हेलिकोबॅक्टरला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ पासून कॅन्सरच्या खात्रीशीर कारणांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे, तेव्हा कोर्सनंतर तो खरोखर गेला का, हे चार आठवडे थांबून तपासून घेणं वायफळ नाही.

शौचाला काळंकुट्ट, चिकट झालं (लोहाच्या किंवा बिस्मथच्या गोळ्यांनीही ते काळं होतं, तेही डॉक्टरांना सांगा), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही आलं, वजन आपोआप उतरायला लागलं, घास अडकायला लागला, किंवा पोट एकाएकी फळीसारखं कडक झालं, तर मेडिकलमधून नवी गोळी आणायची नाही. सरळ रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्याची वाट धरायची.

आणि एरवी, अल्सर बरा होत नाही म्हणून पुन्हा दाखवायला निघालात, तर फाइलबरोबर घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. डोकेदुखीची, गुडघ्याची, हृदयाची, घसा धरल्यावर मागच्या महिन्यात घेतलेली, आणि शेजाऱ्याने दिलेली ती बिननावाची पुडीसुद्धा.